जेल रोडवरून आणलेला जुना ८०८५ किट : आठाचा नऊ दाखवतो, तरी पैसे वसूल

तर झालं असं, भाच्याचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू आहे आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मॅडमनी त्याला विचारलं की प्रोसेसर एक इन्स्ट्रक्शन चालवतो म्हणजे नेमकं करतो काय. हा म्हणाला फेच, डीकोड, एक्झिक्यूट, म्हणजे आणा, अर्थ लावा, करा. मॅडम म्हणाल्या बरं, डीकोड म्हणजे? झालं, गाडी तिथेच बंद. शनिवारी सकाळी पोहे खायला आमच्याकडे इंदूरच्या सुदामा नगरला आला तेव्हा हेच रडगाणं, मामा पाठ सगळं आहे पण दिसत काहीच नाही. आता मी डिप्लोमा केला नव्वदच्या दशकात, तेव्हा लॅबमध्ये ८०८५ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा ट्रेनर किट, म्हणजे शिकायची पेटी असायची, सहा लाल आकडे आणि खाली बटणं, आणि आम्हाला हे सगळं अगदी बोटाखाली दिसायचं. म्हटलं चल जेल रोडला, मिळाला तर घेऊनच टाकू.

मिळाला. त्याचाच हा रिव्ह्यू. लोक मिक्सरचे लिहितात, मी १९७६ सालच्या चिपचा लिहितोय, ज्यांना नको त्यांनी पुढे सरकावं.

आधी दुकान. जेल रोडच्या आतल्या गल्लीत जुनं इलेक्ट्रॉनिक्स विकणारं एक आहे, नाव लिहीत नाही कारण पुढे चार वाकडे शब्द येणारेत. कुठल्यातरी कॉलेजने भंगारात काढलेला माल, रेक्झिन लावलेली लाकडी पेटी, वर बोटभर धूळ. २५०० सांगितले, मी उठून निघायचं नाटक केलं, १६०० ला तुटलं. "ले जाओ भिया, एकदम चालू कंडीशन" असं म्हणाला. लावून दाखव म्हटलं तर सप्लाय नाही. सप्लायचे वेगळे ४००. हे मला आवडलं नाही, अहो चालू कंडीशन म्हणताय तर चालवूनच दाखवा ना. पण भाच्याने पेटी आधीच छातीशी धरलेली, मग भाव काय होणार होता.

सप्लाय घेतला नाही. ८०८५ मधला शेवटचा ५ हा ५ व्होल्टचा आहे, म्हणजे एकट्या ५ व्होल्टवर ही चिप चालते, हिच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज द्यावे लागायचे. तेव्हा घरातला जुना मोबाईल चार्जर काढला, वायर कापली, लाल काळी जोडली, झालं काम. (प्लस मायनस उलटं जोडलं तर काम वेगळ्या अर्थाने होतं, मीटर लावून बघा आधी.) सिरीयल पोर्टला प्लस मायनस १२ लागतात पण ते आम्हाला नकोच होतं.

पेटीत काय काय आहे तर मधोमध ४० पायांची ८०८५, शेजारी ८ केबीची ईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी मेमरी, ज्यात किटचा स्वतःचा प्रोग्राम, ८ केबीची रॅम, कीबोर्ड आणि डिस्प्ले सांभाळणारी ८२७९, बाहेरच्या जोडण्यांसाठी ८२५५. इंटेलने ८०८५ साठी एसडीके-८५ नावाचा स्वतःचा किट काढला होता, आपल्या कॉलेजांतले किट त्याच घराण्यातले वाटतात, बटणांची नावंही बहुतेक तीच. ईप्रॉमच्या डोक्यावर काचेची खिडकी असते, त्यातून अतिनील प्रकाश मारून ती पुसतात, म्हणून एरवी ती झाकलेली पाहिजे. आमच्यावरचं स्टिकर गळून गेलेलं. खिडकीजवळ टेबल, इंदूरचं मे महिन्याचं ऊन, मी आपला काळी टेप शोधतोय तर बायकोने आरशावरची सगळ्यात मोठी टिकली काढून त्यावर लावली. अजून आहे तशीच. किट सौभाग्यवती झाला.

चालू केला, आकडे पेटले, मी अक्षरशः टाळी वाजवली. आता पहिला प्रोग्राम, जो जगात सगळ्यांचा पहिला असतो, पाच अधिक तीन. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी, इथे कीबोर्डवर शब्द लिहायचे नसतात, आकडे टाकायचे, सोळाच्या पद्धतीतले, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. डावीकडचे चार आकडे म्हणजे मेमरीतला पत्ता, उजवीकडचे दोन म्हणजे तिथे काय ठेवलंय ते. २००० पासून सुरुवात. ३ई ०५, म्हणजे ए नावाच्या रजिस्टरमध्ये, चिपच्या आतल्या छोट्या कप्प्यात, ५ टाक. ०६ ०३, म्हणजे बी मध्ये ३ टाक. मग ८०, म्हणजे ए मध्ये बी मिळव. मग ३२ ५० २०, म्हणजे ए मध्ये जे काय आहे ते २०५० या पत्त्यावर नेऊन ठेव, पत्ता उलटा लिहायचा, आधी शेपूट मग डोकं. शेवटी ७६, थांब. एकूण नऊ बाइट. भाचा टाकत होता, मी सांगत होतो.

०५ टाकल्यावर शून्य जरा फुटल्यासारखा दिसला, म्हटलं जुना माल आहे, चालायचंच. पुढे ८० टाकलं तर डिस्प्लेवर ९०. भाचा म्हणाला चुकलो वाटतं, परत टाकलं, परत ९०. मी टाकलं, माझंही ९०. आता आठच्या बटणावर नऊ येतोय म्हटल्यावर मी दुकानदाराच्या नावाने सुरू झालोच होतो, तेवढ्यात भाच्याने ऑपकोडचा, म्हणजे कुठला आकडा म्हणजे कुठली इन्स्ट्रक्शन याचा, झेरॉक्स तक्ता उघडला आणि म्हणाला मामा, ९० म्हणजे बी वजा कर. म्हणजे आपण मिळवायला सांगतोय आणि हा वजा करणार. मी म्हटलं चालव तर खरं, बघू काय म्हणतोय. गो, २०००, एक्झिक्यूट. डिस्प्ले गप्प. रिसेट दाबून २०५० उघडलं.

०८.

वजाबाकी झाली असती तर ०२ यायला हवं होतं. म्हणजे मेमरीत ८० च बसलं होतं, खोटं बोलत होता तो डिस्प्ले. मग दोघं चष्मा लावून खाली वाकलो, तर डेटाच्या डाव्या आकड्याची खालची डावी उभी काडी मेलेली. आठामधून ती काडी काढा, सुरेख नऊ उरतो, जराही संशय येत नाही. शून्यातून काढली तर शून्य फुटका दिसतो, २० मधला दोनही तसाच, ते आम्ही बघूनही सोडून दिलं. ३, ५, ७ मध्ये ती काडी नसतेच म्हणून बाकी सगळं नीट. चालू कंडीशन!

पण खरं सांगू का, याच काडीने भाच्याला डीकोड कळलं. त्याने विचारलं मामा, ८० आणि ९० इतके जवळजवळ आणि एकदम उलटं काम, असं का. मग वही काढून आठ बिट लिहिले. ८० म्हणजे १००० ००००. ९० म्हणजे १००१ ००००. एका बिटाचा फरक. आता याचे तुकडे पाडा, पहिले दोन बिट १० म्हणजे हे गणिताच्या खात्याचं काम आहे. मधले तीन बिट सांगतात कुठलं काम, ००० असेल तर मिळव, ०१० असेल तर वजा कर, १०० असेल तर अँड, ११० असेल तर ऑर. शेवटचे तीन सांगतात कोणाशी, ००० म्हणजे बी, ००१ म्हणजे सी, १११ म्हणजे ए स्वतःच. म्हणून ८१ म्हणजे सी मिळव आणि ९१ म्हणजे सी वजा कर, तक्ता पाठ करायची गरजच नाही, बिट वाचले की झालं. डीकोड म्हणजे चिपच्या आत कोणी पुस्तक उघडून अर्थ बघत बसत नाही, ते बिट म्हणजेच वायरी, त्याच वायरी सरळ जाऊन एकीकडे बेरजेचं बटण दाबतात आणि दुसरीकडे बी चं दार उघडतात. भाच्याने पुढचे दहा कोड तक्ता झाकून स्वतः काढले, नऊ बरोबर आले. दहावा डिस्प्लेमुळे चुकला असं त्याचं म्हणणं.

सिंगल स्टेपचं बटण हे या किटचं सगळ्यात भारी काम. एक इन्स्ट्रक्शन चालते आणि थांबतो, मग रजिस्टर उघडून बघा, ए मध्ये ०५, पुढची स्टेप, बी मध्ये ०३, पुढची, ए मध्ये ०८. आम्ही एफएफ मध्ये, म्हणजे २५५ मध्ये, १ मिळवून बघितलं, ए झाला ०० आणि फ्लॅगमध्ये, म्हणजे निकालाच्या खुणांमध्ये, झिरो (उत्तर शून्य) आणि कॅरी (हातचा) दोन्ही उभे. जम्प, म्हणजे प्रोग्राममध्ये दुसरीकडे उडी, करायचा की नाही हे जे ठरतं ते अशाच फ्लॅगांकडे बघून, बाकी त्या बिचाऱ्याला तुमच्या लूपबद्दल काही माहीत नसतं. तक्रार एवढीच की इन्स्ट्रक्शनच्या आत काय चाललंय ते हा दाखवत नाही, पत्त्याच्या वायरींवर एलईडी दिले असते तर मजा आली असती, काही महागड्या किटला असतात.

मग आम्ही आत काय चालतं ते कागदावर मोजलं, कारण प्रत्येक इन्स्ट्रक्शनला चिपच्या घड्याळाचे किती ठोके लागतात ते तक्त्यात असतं. ए मध्ये ५ टाकायला ७ ठोके, बी ला ७, बेरजेला फक्त ४, उत्तर मेमरीत ठेवायला १३, थांबायला ५. एकूण ३६. चिपचा ठोका सेकंदाला तीस लाखांच्या वर, ठोके देणारा क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा, तो आत अर्धा होतो, म्हणजे आख्खा प्रोग्राम १२ मायक्रोसेकंदांच्या आत. बरं ते १३ कशाला? तर मेमरीच्या चार फेऱ्या, एक कोड आणायला, दोन पत्त्याचे दोन तुकडे आणायला आणि चौथी उत्तर ठेवायला. आख्ख्या प्रोग्राममध्ये मेमरीच्या दहा फेऱ्या होतात, त्यातल्या नऊ नुसत्या आता काय करू, आता काय करू हे विचारायच्या. खरी बेरीज तर बसल्या जागी होते, तिला एकही फेरी नाही. आमच्या पीथमपूरच्या प्लांटमध्ये काही लोक असे आहेत, पण जाऊ दे.

आणि अजून एक, ८०८० पासून चालत आलेली गंमत, बेरजेचा शेवटचा भाग ही चिप पुढची इन्स्ट्रक्शन आणता आणता उरकते. आजच्या प्रोसेसरच्या सगळ्या करामतीचं बीज तिथेच आहे.

इथे भाच्याने लॅपटॉप उघडला आणि माझी परीक्षा सुरू झाली, कारण माझं ज्ञान ८०८५ ला संपतं. तो म्हणाला मामा याचा ठोका ४ गिगाहर्ट्झ, म्हणजे तुमच्या पेटीच्या तेराशे पट. मी म्हटलं मग तेराशे पट वेगाने हेच करत असेल. म्हणाला नाही, इथेच सगळे फसतात. मेमरी तेवढी वेगवान झालीच नाही. किटवरची रॅम दीडशे नॅनोसेकंदांची आणि चिपचा एक ठोका सव्वातीनशे नॅनोसेकंदांचा, म्हणजे मेमरीच प्रोसेसरची वाट बघत बसायची. लॅपटॉपचा ठोका पाव नॅनोसेकंदाचा आणि रॅममधून एक गोष्ट यायला साधारण ८० नॅनोसेकंद, म्हणजे तीनशेच्या वर ठोके नुसतं बसून राहायचं. म्हणून मग चिपच्या आतच कॅश, म्हणजे छोटी पण वेगवान मेमरी, सगळ्यात जवळची प्रत्येक कोरला (चिपमधल्या एकेका प्रोसेसरला) साधारण ३२ केबी, म्हणजे आमच्या किटच्या आख्ख्या रॅमच्या चौपट, आणि तिच्यातून चार-पाच ठोक्यांत माल मिळतो.

आणि एक संपेपर्यंत दुसरी थांबत नाही. हे मला पोह्यांच्या गाडीवर समजलं, दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम गेलो. गर्दीच्या वेळी एक जण पोहे काढतो, दुसरा शेव, तिसरा जिरावण मसाला आणि लिंबू, चौथा जलेबी. प्रत्येक प्लेटला वेळ तेवढाच लागतो पण दर पाच सेकंदाला एक प्लेट बाहेर. ही पाइपलाइन. भाचा म्हणाला एवढंच नाही, समजा एकाच्या प्लेटसाठी जलेबी तळायचीय, तर गाडीवाला मागच्यांच्या प्लेटा भरून ठेवतो, कामं उलटसुलट क्रमाने होतात. पण पैसे मात्र रांगेनेच घेतो, हिशोब चुकायला नको. प्रोसेसरही तसाच, आत कुठलीही इन्स्ट्रक्शन आधी उरकेल, पण निकाल लिहायचा तो प्रोग्राममध्ये लिहिलेल्या क्रमानेच, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ओळीने चाललंय. उलटसुलट क्रमाचं हे डोकं आयबीएमने १९६७ साली लावलं होतं, इंटेलच्या पेंटियम प्रोमध्ये ते १९९५ ला आलं. म्हणजे मी डिप्लोमाला ८०८५ शिकत होतो तेव्हा बाजारात हे सगळं येऊन बसलं होतं आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही.

अंदाज बांधणं हा अजून वरचा कारभार. मला बघितलं की गाडीवाला न विचारता जास्त शेव टाकतो. बरोबर निघालं तर वेळ वाचला, माझ्याबरोबर बायको असेल तर ती प्लेट बाजूला. प्रोसेसर प्रत्येक जम्पला हेच करतो, फ्लॅगचा निकाल यायच्या आधीच मागचा अनुभव बघून एका वाटेने धावत सुटतो, चुकला तर केलेलं सगळं पुसून परत, पंधरा-वीस ठोके पाण्यात. ८०८५ ला असलं काही नाही, जम्प झाला तर १० ठोके, नाही झाला तर ७, साधा सरळ माणूस. भाच्याने दाखवलं, एकाच यादीतल्या १२८ पेक्षा मोठ्या आकड्यांची बेरीज, एकदा यादी पिसलेली आणि एकदा चढत्या क्रमाने लावलेली, कंपायलरची (प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्याची) हुशारी बंद ठेवून. आकडे तेच, बेरीज तीच, पण पिसलेल्या यादीला अडीच पट वेळ, कारण तिथे अंदाज निम्म्या वेळा चुकतो. मी तीन वेळा चालवायला लावलं, विश्वासच बसेना. आणि चुकीच्या वाटेवर धावताना सांडलेला माल कॅशमध्ये पडून राहतो, त्यावरून गुपितं ओळखता येतात, २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाने जो गाजावाजा झाला तो हाच.

एवढं सगळं झाल्यावर किटचा निकाल. पाचपैकी साडेतीन. अर्धा सप्लायचा कापला, अर्धा काडीचा, आणि अर्धा यासाठी की सी चं बटण दोनदा ठासावं लागतं. रॅमला बॅटरी नाही, म्हणजे वीज गेली की सगळं परत टाका, कामवाल्या मावशींनी झाडताना चार्जर हलवला तेव्हा सत्तर बाइटचा प्रोग्राम गेला आणि भाचा घरभर फेऱ्या मारत होता. कोणाला फक्त परीक्षा पास व्हायचंय तर फुकटचे सिम्युलेटर आहेत, ते घ्या, १६०० वाचवा. रोबोट बिबोट बनवायचाय तर आर्डुइनो नावाचा बोर्ड. लहान मुलांना देऊ नका, ऑपकोड टाकायला बसली तर पाचव्या मिनिटाला उठतील. पण ज्याला एकदा आतलं बघायचंय आणि ज्याच्याकडे दोन रविवार आहेत त्याने जरूर घ्या, फक्त दुकानात चार्जर आणि मीटर घेऊन जा, डिस्प्लेवर सगळीकडे ८ आणून प्रत्येक काडी मोजा, मगच पैसे काढा. जुनाट म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांगा, १९९७ ला मंगळावर जी छोटी गाडी फिरली, सोजर्नर, तिच्यात ८०सी८५ च होती, याच घराण्यातली.

दुकानात परत गेलो होतो, डिस्प्लेबद्दल बोललो. म्हणाला जुन्या मालाची गॅरंटी नसते भिया, आणि दुसरा डिस्प्ले बाजूच्या दुकानात ३० रुपयांत मिळतो असं वर सांगितलं. ३० रुपयांचा घेऊनही आलो, सोल्डरिंग गन तापत ठेवली. पण भाच्याने हात धरला, म्हणाला राहू दे मामा. आता त्याचे कॉलेजचे मित्र आले की तो त्यांना आमच्याकडे आणतो, किटसमोर बसवतो, ८० टाकायला सांगतो आणि स्वतः चहा पीत गप्प बसतो.